लाइव्हपॅच की रविवार पहाटेचं रीबूट?

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, साध्या युजरला रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी) करून देणारं भोक सापडलं, की प्रत्येक ॲडमिनपुढे एकच प्रश्न उभा राहतो. चालू सर्व्हरवरच, तो बंद न करता, कर्नल दुरुस्त करणारा लाइव्हपॅच लावायचा, की अपडेट टाकून सरळ रीबूट मारायचा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. नागपुरात माझ्याकडे दोन जागा आहेत: धंतोलीतली एक पॅथॉलॉजी लॅब आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. कॉलेजात दीडशेच्या वर पोरांना शेल अकाउंट (सर्व्हरवर थेट कमांड देण्याची सोय) दिलेलं आहे. तुम्ही याच दोन पर्यायांत अडकला असाल, तर माझा अनुभव कामी यावा.

आधी थोडं दोषाबद्दल, कारण निवड त्यावरच ठरते. बाहेरून आत शिरणं वेगळं आणि आत आल्यावर मालक होणं वेगळं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये शेल फक्त माझ्याकडे आहे, त्यामुळे हल्लेखोराला आधी रिपोर्टच्या वेब पोर्टलमधून वाट काढावी लागेल आणि मग रूट व्हावं लागेल. कॉलेजात पहिली पायरी आम्हीच सगळ्यांना देऊन ठेवली आहे. म्हणून एकाच दोषाची घाई दोन्हीकडे सारखी नसते.

लाइव्हपॅचची बाजू खरंच भक्कम आहे. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची ही सेवा २०१६ च्या ऑक्टोबरात आली, आणि त्याच महिन्यात डर्टी काऊ नावाचं भोक उघडकीला आलं. २००७ पासून कर्नलमध्ये पडून असलेला तो दोष. कर्नल बंद न करता सदोष फंक्शनच्या तोंडाशीच वाट वळवायची आणि नव्या फंक्शनकडे न्यायची, ही कल्पना मला आजही आवडते. एकही कनेक्शन तुटत नाही. कॉलेजात पोरांची सिम्युलेशनं चार-चार दिवस चालतात, आणि तिसऱ्या दिवशी रीबूट मारलं तर त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही. वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत फुकट आहे, त्यापुढे पैसे मोजावे लागतात.

रीबूटवाल्यांची अडचणही खोटी नाही. डर्टी पाइप हा कर्नलचाच दुसरा दोष घ्या. पाइप म्हणजे एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याकडे नेणारी वाट; तिच्या बफरमधला एक फ्लॅग (खूण) कोरा न करता तसाच वापरला जायचा, त्यामुळे ज्या फाइलला फक्त वाचायची परवानगी आहे तिच्या मेमरीतल्या प्रतीत लिहिता यायचं. पासवर्डची फाइलही त्यात आली. मॅक्स केलरमन या प्रोग्रामरना तो सापडला तोसुद्धा लॉगच्या फाइली पुन्हा पुन्हा खराब का होतात याचा माग काढताना. त्यांनी ७ मार्च २०२२ ला सगळं जाहीर केलं, नमुना कोडसकट. तो सोमवार होता. रविवार पहाट सहा दिवस लांब, आणि कॉलेजात हुशार, रिकामटेकडी पोरं भरपूर. अशा वेळी रविवारची वाट बघायची नसते, त्याच रात्री रीबूट मारायचं असतं. ज्याला हे जमणार नाही त्यानं लाइव्हपॅच जरूर घ्यावा.

आता माझं मन का फिरलं ते सांगतो.

पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरला मी २०२१ च्या सप्टेंबरात लाइव्हपॅच लावला. आठ महिने तो सर्व्हर एकदाही बंद झाला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. मधे जानेवारीत पहिली खटक लागली. पोलकिट या परवानग्या सांभाळणाऱ्या पॅकेजच्या पीकेएक्झेक प्रोग्राममधला दोष क्वालिस या सुरक्षा कंपनीनं जाहीर केला. २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तो त्यात होता. लाइव्हपॅचचं स्टेटस त्या दिवशीही हिरवंच होतं आणि ते बरोबरच होतं, कारण हा दोष कर्नलमधला नव्हताच. लाइव्हपॅच फक्त कर्नल बघतो. सूडो, पोलकिट, जीलिबसी असे कर्नलबाहेरचे प्रोग्राम आणि लायब्ररी त्याच्या वाट्याला येत नाहीत. मी पॅकेज अपडेट येईपर्यंत त्या फाइलचा सेटयूआयडी बिट (रूटच्या अधिकारानं चालण्याची परवानगी) काढून टाकला. मिनिटभराचं काम. पण हिरव्या रंगावर मी जरा जास्तच विसंबलो होतो, हे कळलं.

मग नवतपा, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आला. रविवारी रात्री धंतोलीत वीज गेली, यूपीएसनं दीड तास दम धरला आणि बॅटरी संपली. सोमवारी सकाळी सातला टेक्निशियनचा फोन, "सर, सर्व्हर चालूच होऊन नाही राहिला जी. पेशंट बसून आहेत."

मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर दीड मिनिटाचा काउंटर चालू होता. एका डिस्कची वाट पाहत सर्व्हर थांबायचा आणि शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसायचा. ती बॅकअपची यूएसबी डिस्क मी नोव्हेंबरात काढून नेली होती, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या एफएसटॅब यादीतली ओळ मात्र तशीच राहिली होती. ती काढली, सर्व्हर वर आला, डेटाबेस वर आला. तरी रक्त तपासणाऱ्या ॲनालायझर मशीनकडून रीडिंग येईनात. आकडे उचलून आणणारी सर्व्हिस मी जानेवारीत हातानं चालू केली होती, एनेबल करायची, म्हणजे सर्व्हरबरोबर आपोआप सुरू होईल अशी ठेवायची, राहून गेली होती. ते शोधायला अर्धा तास गेला. त्यानंतर काउंटरवरच्या दोन कॉम्प्युटरांना पोर्टलच दिसेना. फायरवॉलचा एक नियम कधीतरी कमांडलाइनवर टाकला होता आणि सेव्ह केला नव्हता. कधी टाकला, का टाकला, काही आठवेना.

तोवर बाहेर उपाशीपोटी आलेल्या लोकांनी बाकं भरली होती. साडेआठला टेक्निशियननं सगळा धीर एकवटून हातानं काम सुरू केलं, ट्यूबांवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं नावं. काटोलहून पहिल्या एसटीनं आलेले एक आजोबा सातपासून बसले होते. रक्त दिल्यावर कापसाचा बोळा दंडाशी दाबत त्यांनी मला विचारलं, "बेटा, आता चहा घेऊ का?" सगळं सुरळीत व्हायला पावणेअकरा वाजले.

या तीन चुकांपैकी एकही लाइव्हपॅचची नाही. त्यानं आपलं काम चोख केलं. पण रीबूटचा प्रसंगच त्यानं पुढे ढकलला, आणि आठ महिन्यांतले माझे सगळे बारीकसारीक बदल एकाच सकाळी, पेशंट समोर असताना माझ्या अंगावर आले. दर रविवारी रीबूट होत असतं तर डिस्कची चूक नोव्हेंबरातच कळली असती, पहाटे साडेतीनला, आणि मागे वळून फक्त आठवड्याचे बदल तपासावे लागले असते. वीज गेल्यावर सर्व्हर परत उभा राहील की नाही, हे तपासण्याचा दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही. नागपुरात मे-जूनमध्ये वीज जाते आणि यूपीएस दमतो, हे काही नवीन नाही.

तुमच्याकडे सगळं कॉन्फिगरेशन ॲन्सिबलमधून, म्हणजे लिहून ठेवलेली सेटिंग आपोआप लावणाऱ्या साधनातून, जात असेल, जोडीला दुसरा सर्व्हर तयार असेल, तर माझी ही तक्रार तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. एकट्यानं चार-सहा मशीन सांभाळणाऱ्यांचं चित्र मात्र बहुतेक माझ्यासारखंच असतं.

रीबूटचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. लायब्ररी अपडेट झाली तरी चालू प्रोसेस जुनीच प्रत मेमरीत धरून बसतात. कुठली सर्व्हिस रीस्टार्ट करायची हे नीडरीस्टार्ट नावाचं साधन सांगतं खरं, पण २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच्यातच रूट देणारे दोष निघाले, तेही २०१४ पासूनचे. रीबूटनंतर हा हिशेबच उरत नाही. लाइव्हपॅच असताना सुरक्षा तपासणीवाल्यांचा स्कॅनर जुना कर्नल नंबर वाचून लाल शेरा द्यायचा आणि दर वेळी समजावत बसावं लागायचं, तेही थांबलं.

आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये अपडेट आपोआप होतात आणि रविवारी पहाटे साडेतीनला ऑटोमॅटिक रीबूट होतं. जुना रॅक सर्व्हर आहे, नुसता उठायलाच पाच-सात मिनिटं घेतो. सव्वाचारला एक छोटी स्क्रिप्ट पोर्टल उघडून बघते, ॲनालायझरची सर्व्हिस बघते आणि मला मेसेज टाकते. मेसेज आला नाही तर हातात सोमवार उजाडेपर्यंतचा वेळ असतो. मधल्या दिवसांसाठी साध्या युजरला यूजर नेमस्पेस (ज्यात तो आपल्यापुरता रूट असतो असा वेगळा कप्पा) बनवायची परवानगी तिथे कायमची बंद ठेवली आहे. २०२४ मधला नेटफिल्टरचा, म्हणजे कर्नलमधल्या फायरवॉलचा दोष वापरायला साध्या युजरला तीच परवानगी लागायची. तिथे ती कोणालाच नको आहे, त्यामुळे काही अडलं नाही.

कॉलेजात तसं करता आलं नाही, कारण पोरांचं रूटलेस पॉडमन (रूटशिवाय कंटेनर चालवायचं साधन) त्यावरच चालतं. तिथे लाइव्हपॅच ठेवला आहे आणि मी तो काढणारही नाही. पण त्याच्या भरवशावर महिना उलटू देत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लॅबच्या दारावर कागद लागतो: आज रात्री १ वाजता सर्व्हर रीबूट होईल, जॉबचे चेकपॉइंट घेऊन ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत पोरांनी खूप कुरकुर केली. आता त्यांच्यातलीच दोघं रात्री थांबतात आणि सर्व्हर वर आला की मला फोन करतात.