जुन्या गाडीवरचे ओरखडे: रंगवायचे, घासायचे की तसेच ठेवायचे?

गाडी दहा-बारा वर्षांची. इंजिन ठणठणीत, एसी गार, पण डाव्या दोन्ही दारांवर उसाच्या ट्रॉलीने ओढलेली लांबच लांब रेघ, मागच्या बंपरचा कोपरा दबलेला आणि चाकावरच्या कमानीला रंगाचा टवका उडालेला. सांगलीत अशी गाडी शोधत फिरावं लागत नाही. कारखाने सुरू झाले की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजूंनी ऊस बाहेर आलेला, आणि समोरून एसटी. पण जिची किंमत आता जेमतेम दीड-दोन लाख उरली आहे, तिच्यावर पंधरा-वीस हजार घालायचे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीत ‘कसं दिसतंय’ हे सगळ्यात शेवटी बघावं. मार पत्र्यावर बसलाय की प्लास्टिकवर, आणि गाडी अजून किती वर्षं ठेवायची आहे, या दोन गोष्टींवर निम्म्याहून जास्त निर्णय होतो. वर सांगितलेल्या गाडीत लोकांना आधी दारावरची रेघ खुपते. मी आधी कमानीचा टवका बघेन.

कारण साधं आहे. कंपनीच्या रंगात खालून वर ईडी कोट (विजेच्या मदतीने पत्र्यावर चढवलेला गंजरोधक थर), प्रायमर, मूळ रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढी. पत्र्याला गंजापासून वाचवणारं बाहेरून एवढंच आहे. ओरखड्यावर पाणी टाका. पाणी असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली, तर मार बहुतेक वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे. मग आडवं नख फिरवा. नख अडकलं तर रेघ खोल आहे. आत राखाडी किंवा पांढरट दिसलं तर प्रायमर, चकचकीत किंवा तांबूस दिसलं तर थेट पत्रा.

यातली पहिली जात घासून जाते. रबिंग कंपाउंड, मग पॉलिश, आणि उसाच्या पाल्याने काढलेल्या बारीक रेघा गायब. मात्र घासणं म्हणजे क्लिअर कोट थोडा थोडा कमी करणं, त्यामुळे दर दिवाळीला मशीन फिरवून घ्यायची सवय जुन्या गाडीला परवडत नाही. बोनेट आणि टप आधीच उन्हाने पातळ झालेले असतात.

दुसरी जात, म्हणजे प्रायमरपर्यंत गेलेली रेघ, चार पावसाळे तशीच राहू शकते. खटकत नसेल तर सोडून द्या. तिसरी जात मात्र सोडायची नाही, मग ती नखाएवढी का असेना. उघड्या पत्र्यावरचा गंज रंगाच्या खालून पसरतो. वरून एक फोड दिसतो तेव्हा आत रुपयाएवढी जागा गेलेली असते. चाकावरची कमान, दाराची खालची कड आणि दाराखालची पट्टी या तीन ठिकाणी चिखल साठतो, ओल टिकते आणि गंज सगळ्यात वेगाने धावतो. इथे टचअपचा खर्च काही शेकड्यांत जातो. आधी गंज खरवडायचा, रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज थोपवणारं रसायन, लावायचं, प्रायमर द्यायचा, आणि मग गाडीच्या कलर कोडचा रंग पातळ हातांनी दोन-तीनदा. कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर सापडतो. डाग लपत नाही, जवळून ओळखू येतो. तो लपवण्यासाठी हे काम करायचंच नसतं.

गंज आतून आलेला असेल तर वरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या गाड्यांच्या दारापर्यंत पाणी आलं, त्यांच्या पट्ट्यांमध्ये आणि दारांच्या पोटात गाळ बसलेला असू शकतो. पुरात न सापडलेल्या गाडीतही दाराखालची पाणी जायची भोकं पाल्याने, मातीने तुंबतात. दार उघडून खालच्या कडेवर बोट फिरवा. भोकं बुजलेली असतील तर आधी ती तारेने मोकळी करा, फुकटचं काम आहे.

आता बंपर. हा प्लास्टिकचा, त्याला गंज नाही. दबलेला कोपरा बऱ्याचदा उकळतं पाणी ओतून आतून ढकलला की जागेवर येतो. चिरला असेल तर प्लास्टिक वेल्डिंग होतं. रंग गेलाय, पण क्लिपा धरतायत आणि बंपर हलत नाही, एवढं असेल तर जुन्या गाडीत मी त्यावर एक रुपयाही घालणार नाही. पार्किंगमध्ये पुढचा टोला तिथेच बसणार आहे. रंगवायचाच असेल तर प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लावणार का, हे विचारा. तो चुकवला की प्रेशरने धुताना रंगाचे पापुद्रे निघतात.

इन्शुरन्समधून करू का?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर विषयच संपला, स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर कागद घेऊन बसा.

समजा बंपर बदलायचाय, 4000 रुपये. रंगकाम 4000, मजुरी 1000. एकूण 9000. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा, म्हणजे 2000 गेले. रंगाच्या बिलातला 25 टक्के भाग माल धरतात आणि त्याच्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे आणखी 500. उरले 6500. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1000 रुपये तुमच्या खिशातून. हातात पडले 5500. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जोड-पॉलिसी, असता तर घसारा वाचला असता, पण एवढ्या जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही.

आता दुसरी बाजू. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर, 50 टक्के नो क्लेम बोनसची सूट चालू आहे. समजा तो प्रीमियम 5000 आहे, म्हणजे दर वर्षी 2500 वाचतात. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो, आणि मग 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत पुन्हा 50 वर जातो. पहिल्या वर्षी 2500 जास्त, मग 1500, 1250, 750, 250. बेरीज 6250, वर जीएसटी वेगळा. साडेपाच हजारांसाठी सव्वासहा हजार घालवायचे आणि वर सर्व्हेअरची वाट बघायची. गाडीची किंमत दर वर्षी उतरते तसा प्रीमियमही थोडा उतरेल, पण म्हणून गणित फारसं बदलत नाही. मोठा अपघात असेल, चॅसिस, रेडिएटर, लाइट सगळं गेलं असेल, तर बेलाशक क्लेम करा. ओरखड्यांसाठी नको.

कंपनीचं वर्कशॉप की ओळखीचा डेंटर?

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रंगाची बंद खोली असते, गरम हवेवर सुकवतात, कोडवरून रंग मिक्स करतात, पक्कं बिल देतात. पण त्यांचा कल पत्रा उठवण्यापेक्षा पार्ट बदलण्याकडे. दोन वर्षांच्या गाडीला ते ठीक आहे. बारा वर्षांच्या गाडीत नवीन दार बसवलं की शेजारच्या फिक्या दारापुढे ते उपऱ्यासारखं दिसतं.

शंभर फुटी रोडच्या किंवा कुपवाडच्या डेंटरकडे बिल बरंच कमी येतं, कारण तो पत्रा उठवतो. चांगला डेंटर डोळ्यांपेक्षा तळहाताने बघतो. पत्र्यावरून हात फिरवत जातो आणि खोलगा लागला की तिथे थांबतो. “मालक, पत्रा येतोय वर, पर थोडी लांबी भरायला लागंल,” असं तो म्हणाला तर घाबरू नका, लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, सगळेच भरतात. किती भरणार, एवढं विचारा. दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठीक. पत्रा न उठवता नुसता खड्डा बुजवला, तर आपल्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी तिथे भेग पडणार. शिवाय लांबी पाणी पिते. पाणी मारून घासली आणि पुरती सुकू न देताच कलर मारला, तर पुढे त्याच जागी फोड येतात. म्हणून ‘संध्याकाळपर्यंत देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा चार दिवस मागणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी दोन गोष्टी ठरवून घ्या. रंग टू-के पीयूचा (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) की एनसीचा (साधा नायट्रोसेल्युलोज)? स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा एनसी असतो. दिसतो छान, पण उन्हात लवकर मळकट होतो. आणि हँडल, बीडिंग, आरसा काढून रंग मारणार की नुसती टेप लावून? टेपेच्या कडेला जी रेघ राहते, पापुद्रा निघायला तिथूनच सुरुवात होते.

कलर मॅचिंगचं म्हणाल तर पांढरी गाडी नशीबवान. सिल्व्हर आणि ग्रे मेटॅलिकला कोड बरोबर असूनही फरक पडतो, कारण स्प्रे गनच्या दाबाप्रमाणे रंगातले चमकणारे कण वेगळे बसतात. मग एका दारासाठी शेजारच्या पॅनेलवरही रंग ओढावा लागतो. बिल तिथे वाढतं.

पूर्ण गाडी रंगवून घेण्याबद्दल थोडक्यात: जिच्याशी जीव जडलाय अशी गाडी असेल तरच. पैसे विकताना परत येत नाहीत. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, ते वेगळंच.

विकायची आहे तर?

सहा महिन्यांत विकणार असाल तर धुवा, आतून साफ करा, पॉलिश मारा आणि थांबा. जुन्या गाड्यांचा व्यापारी पत्र्यावर बोटाने टकटक करतो, काही जण लोहचुंबकही लावतात. लांबी भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. ताज्या रंगाचं दार दिसलं की तो पहिल्यांदा ‘ॲक्सिडेंट कुठं झाला?’ विचारणार. कंपनीच्या रंगावरची रेघ त्याला परवडते, ती सगळी कथा स्वतःच सांगते. रेघेचे तो दोन-तीन हजार कमी करेल, तुम्ही रंगाला त्याहून जास्त घातले असते.

गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर उलटं, पॉलिशवर थांबू नका, गंजाचं काम करून घ्या. आणि 15 वर्षं भरत आली असतील तर आरसीच्या नूतनीकरणाचा विचार आत्ताच करा. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी 5000 रुपये झाली, नूतनीकरण मिळतं पाच वर्षांचं, आणि त्याआधी गाडी तपासणीला न्यावी लागते. पत्र्याला भोकं पडलेली गाडी तिथे घेऊन जाण्यात शहाणपण नाही. गंजाचं काम त्याआधी, दारावरच्या रेघेचं नंतर किंवा कधीच नाही.

हातात दोन-तीन हजारच असतील तर मी ते रंगावर घालणारच नाही. पिवळ्या पडलेल्या हेडलाइट घासून घेईन. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडते, उजेड अडतो, आणि ती पॉलिश केली की गाडी एकदम तरुण दिसते. दिसण्याचं राहू द्या, पण रात्री तासगाव रोडला मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली पुढे असते तेव्हा दारावरची रेघ कामाला येत नाही.

आणि रंगवायचंच ठरलं तर वेळ बघून. दसऱ्याच्या तोंडावर गॅरेजं तुडुंब, हवेत पावसाची ओल, आणि महिन्याभरात पुन्हा उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर. एप्रिल-मे गाठा. हंगाम संपलेला असतो, हवा कोरडी असते, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी रंगाला पुरता वाळायला महिनाभर मिळतो. त्या महिन्यात वॅक्स लावू नका.