देश किती भरवशाचा? स्थैर्य मोजणाऱ्या साधनांचं निर्यातदाराच्या नजरेतून परीक्षण

२००८ साली आइसलँड जागतिक शांतता निर्देशांकात पहिला आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लिटनिर, लांड्सबँकी आणि काउप्थिंग या त्याच्या तिन्ही मोठ्या बँका आठवडाभरात बुडाल्या. निर्देशांकाचं काही चुकलं नव्हतं. तो खून, तुरुंग, शस्त्रखरेदी, शेजाऱ्यांशी भांडणं अशा २३ गोष्टी मोजतो, बँकांचे ताळेबंद त्याच्या कक्षेतच येत नाहीत. मधली दोन वर्षं सोडली, तर आइसलँड पुढेही वर्षानुवर्षं त्या यादीत पहिलाच राहिला.

'सर्वांत स्थिर देश' अशा याद्या वाचताना गफलत होते ती इथेच. कोण रस्त्यावरची शांतता मोजतं, कोण सरकार पडण्याची शक्यता, कोण सरकारी कर्ज फिटण्याची. या परीक्षणात कसोटी एकच ठेवली आहे: नव्वद दिवसांच्या उधारीवर माल पाठवला, तर त्या देशातून पैसे परत येतील का? शांतता निर्देशांक त्यामुळे सुरुवातीलाच बाद. मुलांना शिकायला पाठवताना तो जरूर बघावा, उधारी देताना नाही.

जागतिक बँकेचे वर्ल्डवाइड गव्हर्नन्स इंडिकेटर्स हे या सगळ्यांत मेहनतीने बनवलेलं साधन. १९९६ पासूनचे आकडे, दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश, आणि सगळं एक्सेलमध्ये फुकट उतरवून घेता येतं. कप्पे सहा: राजकीय स्थैर्य आणि हिंसेचा अभाव, सरकारची कार्यक्षमता, कायद्याचं राज्य, नियमनाचा दर्जा, भ्रष्टाचारावर नियंत्रण आणि लोकांचा आवाज. गुण साधारण उणे २.५ ते अधिक २.५ या पट्टीवर, आणि शेजारी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती देश त्याच्या मागे आहेत ते.

बहुतेक जण पर्सेंटाइल बघून फाइल बंद करतात. पुढच्या रकान्यात स्टँडर्ड एरर, म्हणजे गुणात किती चूक असू शकते त्याचा आकडा असतो, तो बघितल्याशिवाय त्या पर्सेंटाइलला फारसा अर्थ नाही. एररला १.६४ ने गुणायचं आणि आलेला आकडा गुणांत एकदा मिळवायचा, एकदा वजा करायचा. समजा गुण ०.५० आणि एरर ०.२२ आहे, तर खरा गुण ०.१४ ते ०.८६ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, इतकंच नव्वद टक्के खात्रीने म्हणता येतं. एवढ्या रुंद पट्ट्यात पाचपंचवीस देश आरामात मावतात. म्हणून दोन देशांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील, तर साठावा बरा की सत्तरावा हा वाद घालण्यात अर्थ नाही. छोट्या बेटांच्या बाबतीत तर स्रोतांची संख्याही बघावी. ती कमी असली की पट्टा आणखी रुंदावतो.

दुसरा दोष शिळेपणाचा. २०२३ चे आकडे हाती यायला २०२४ चे बरेच महिने सरले होते. शिवाय २०२४ पर्यंतच्या आवृत्त्यांत जगाची सरासरी दरवर्षी शून्यावर आणून ठेवलेली असे. म्हणजे सगळं जगच घसरलं तरी पट्टीवर ते उमटणार नाही. वर्गात सगळ्यांनाच कमी मार्क पडले तरी पहिला नंबर पहिलाच राहतो, तसं.

आणि कप्पा कोणता निवडायचा? नाव बघून सगळे 'राजकीय स्थैर्य' उघडतात. पण २०२२ च्या आकड्यांत अमेरिका त्या कप्प्यात पन्नासच्या खाली आहे, आणि जगात कुठे संकट आलं की पैसा धावतो तो मात्र अमेरिकी रोख्यांकडेच. भारत त्या कप्प्यात पंचविशीच्या आसपास आणि सरकारच्या कार्यक्षमतेत साठीच्या पुढे. उधारीसाठी 'कायद्याचं राज्य' हा कप्पा जास्त कामाचा: बिल थकलं तर दावा किती वर्षं लोंबकळेल याचा अंदाज तिथून येतो. सरकार पडणं ही तशी किरकोळ गोष्ट असू शकते. बेल्जियमने २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर ५४१ दिवस सरकारविना काढले, तरी कर्जाचे हप्ते वेळेवर जात होते.

पैशाच्या प्रश्नाला सरळ भिडतं ते पतमापन. एस अँड पी, मूडीज आणि फिच या तिघांचे देशांचे दर्जे बातम्यांतून फुकट कळतात, सविस्तर अहवालाला मात्र पैसे पडतात. या संस्थांवर टीका भरपूर होते, आणि ट्युनिशियाचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं: १४ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले तेव्हा तो देश गुंतवणूकयोग्य दर्जात बसलेला होता, आणि मूडीजने दर्जा एक पायरी उतरवला तो त्यानंतर पाच दिवसांनी. टीका खरी, पण अर्धी. दर्जा सांगतो तो सरकार कर्ज फेडेल का एवढंच, राजवट टिकेल का हे नाही. तेवीस वर्षांची राजवट कोसळली, तरी ट्युनिशियाने परदेशी रोख्यांचे पैसे चुकवले नाहीत.

उलट बाजू श्रीलंकेची, आणि निर्यातदाराने ती पाठ करून ठेवावी इतकी ती बोलकी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये राजपक्षेंच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या. सरकार किती मजबूत या मापाने बघितलं, तर देश अगदी भक्कम. पण २०१९ च्या शेवटी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला होता, त्यात कोविडने पर्यटन आटवलं. मूडीजने सप्टेंबर २०२० मध्ये आणि फिचने नोव्हेंबरमध्ये दर्जा थेट ट्रिपल सीच्या, म्हणजे कर्ज बुडण्याचा मोठा धोका सांगणाऱ्या घरात नेला. तिकडच्या सरकारने या संस्थांवरच आगपाखड केली. २०१९ अखेर ७.६ अब्ज डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी मार्च २०२२ मध्ये दोन अब्जांच्या आसपास आली, आणि १२ एप्रिलला परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर झालं. म्हणजे दर्जा बघणाऱ्याला दीड वर्ष आधी घंटा ऐकू आली होती. अशा वेळी कोलंबोतला व्यापारी प्रामाणिक असतो, त्याच्या खात्यात रुपयेही असतात, पण त्याच्या बँकेकडे डॉलर नसतात. गिऱ्हाइकाची कितीही चौकशी केली तरी हा धोका दिसत नाही.

दर्जा वाचताना अक्षरांइतकंच लक्ष 'आउटलुक'कडे, म्हणजे दर्जा पुढे कुठे झुकेल या संस्थेच्या अंदाजाकडे द्यावं. 'निगेटिव्ह' लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत दर्जा उतरण्याची शक्यता धरून उधारीचे दिवस कमी करावेत. सोबत एकच आकडा स्वतः तपासावा: परकीय गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरते. तीन महिन्यांच्या खाली गेली की आगाऊ रक्कम किंवा कन्फर्म्ड एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) घेतल्याशिवाय माल हलवू नये. एलसी नुसती उघडली म्हणजे झालं असं नाही, ती तिसऱ्या देशातल्या चांगल्या बँकेने कन्फर्म केलेली हवी. नाहीतर तीच डॉलर नसलेली बँक पुन्हा समोर येते.

ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची देशजोखीम यादी याच डॉलर न मिळण्याच्या धोक्यासाठी बनवलेली आहे. ० ते ७ असे गट, ७ सर्वांत वाईट. भारत तिसऱ्या गटात. ही पीडीएफ फुकट आणि नेमकी आहे, पण गट का बदलला याचं कारण त्यात मिळत नाही. आणखी एक खोच: श्रीमंत ओईसीडी देशांना त्यात गटच दिलेला नसतो. त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'धोका शून्य' असा लावला जातो, तो चूक आहे.

फ्रॅजाइल स्टेट्स इंडेक्सबद्दल थोडक्यात: १२ निकष, प्रत्येकी १० गुण, एकूण १२०, जास्त गुण म्हणजे देश जास्त नाजूक. निर्वासित, बुद्धिवंतांचं स्थलांतर, गटागटांतला रोष असं सगळं एकाच बेरजेत घातल्यामुळे उधारीच्या प्रश्नाला त्यातून उत्तर निघत नाही. मदतकार्य करणाऱ्या संस्थांना तो उपयोगी.

आता ईसीजीसी. १९५७ पासून मुंबईत असलेली केंद्र सरकारच्या मालकीची ही पतविमा कंपनी देशांना ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ आणि डी अशा सात गटांत टाकते. नुसता धोका सांगून ती थांबत नाही, त्यावर पैसेही लावते. त्यामुळे आपल्या कसोटीला सगळ्यात जवळचं साधन हेच. नुकसानीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळतं. युद्ध, आयातबंदी, डॉलर अडकणं हे राजकीय धोके आणि गिऱ्हाइकाचं दिवाळं किंवा थकबाकी हे व्यापारी धोके, दोन्ही त्यात येतात. मात्र काही देश मर्यादित संरक्षणाच्या यादीत असतात. तिथे प्रत्येक व्यवहाराला आधी मंजुरी लागते, ती न घेता माल चढवला तर पॉलिसी असून नसल्यासारखी.

दावे फेटाळले जातात ते बहुधा देशामुळे नाही, कागदांमुळे. गिऱ्हाइकाच्या नावाची पतमर्यादा मंजूर करून घेतलेली नसते. तीस दिवसांहून जास्त थकलेली बिलं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवलेली नसतात. गिऱ्हाइकाने फोनवर विनवणी केली म्हणून परस्पर मुदत वाढवून दिलेली असते. आणि सगळ्यात मोठी खाच मालाच्या दर्जाच्या वादाची. गिऱ्हाइकाने मालात खोट काढली, तर त्याच्या देशातल्या न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दावा उभाच राहत नाही. २०१० मध्ये महाराष्ट्रातली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात अडकली, तेव्हा समोरचे देश पहिल्या प्रतीचेच होते. देशाचा गट ए१ असला म्हणून कन्साइनमेंटवर, म्हणजे विकल्यावर पैसे या बोलीवर पाठवलेली द्राक्षं ए१ ठरत नाहीत.

या सगळ्या चाळण्यांतून उरतं कोण? तिन्ही पतमापन संस्थांचा ट्रिपल ए हा सर्वोच्च दर्जा असलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, स्वित्झर्लंड, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया. अमेरिकेने तो मान २०११, २०२३ आणि २०२५ असा एकेका संस्थेकडून गमावला. पण या नऊ देशांतही धक्के बसतात. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला दिलेला किमान १.२० फ्रँकचा टेकू काढला आणि काही मिनिटांत फ्रँक वीस-तीस टक्क्यांनी उसळला. युरोत कमावून फ्रँकमध्ये कर्ज फेडणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. सिंगापूरमध्ये १९५९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे, म्हणजे सत्तांतर कसं होतं याची परीक्षा तिथे अजून झालेलीच नाही. बोत्सवानात ती २०२४ मध्ये झाली: १९६६ पासून राज्य करणारा पक्ष हरला आणि सत्ता शांतपणे दुसऱ्याकडे गेली. राजकीय मापाने आफ्रिकेतलं ते उत्तम उदाहरण, पण हिऱ्यांची मागणी बसली की त्याच देशाची तिजोरी आटते. लॅटिन अमेरिकेत उरुग्वे या दोन्ही मापांनी बरा. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसकडे शांत बेट म्हणूनच बघितलं जातं, पण मूडीजने २०२२ मध्ये त्याला गुंतवणूकयोग्यतेच्या शेवटच्या पायरीवर आणून ठेवलं.

वापरायचं झालं, तर देशामागे अर्धा तास पुरतो. आधी ईसीजीसीचा गट आणि संरक्षण खुलं की मर्यादित ते बघा, मग मूडीज किंवा फिचचं आउटलुक, मग गंगाजळीचे महिने, आणि मोठी ऑर्डर असेल तर कायद्याच्या राज्याचा कप्पा. पैसे देऊन घेतलेल्या देशजोखीम अहवालांत मध्यम निर्यातदाराला यापलीकडे फारसं काही मिळत नाही. तेच पैसे गिऱ्हाइकाचा पतअहवाल मागवण्यात घालावेत.

एक उणीव मात्र सगळ्यांतच आहे: वाटेसाठी रकाना कुठेच नाही. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणारे द्राक्षांचे रीफर (शीत) कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून दहा-पंधरा दिवस उशिरा पोचू लागले. माल नाशिकचा, गिऱ्हाईक ट्रिपल ए नेदरलँड्सचं आणि वाट अडवली ती येमेनमधून. या धोक्यासाठी जहाज कंपनीच्या सरचार्जच्या नोटिसा आणि मरीन पॉलिसीतलं वॉर रिस्कचं कलम वाचावं लागतं. ते वेगळं घ्यावं लागतं, आणि सहसा सात दिवसांच्या नोटिशीवर विमा कंपनी ते काढूनही घेऊ शकते.