डोकेदुखीची वही: एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

देवगडच्या बाजारात घेतलेली साधी रजिस्टर वही. लाल पुठ्ठा, कापडी पट्टीचा कणा, शिवलेली बांधणी, किंचित पिवळट आखीव कागद. किंमत दोन नारळांच्या आसपास. घेतली होती रोजनिशीसाठी, पण ऐन हापूसच्या हंगामात लिहिणं बंद पडलं. पेट्या भरायच्या दिवसांत अर्धशिशी अशी मागे लागली की रात्री दिव्याखाली पान उघडलं की अक्षरं डोळ्यांत खुपायची. शाळेपासूनची सवय सुटली. दुखण्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

ती वही परत उघडली ती डॉक्टरांची तारीख न मिळाल्यामुळे. आमच्याकडे मेंदूचे डॉक्टर रोज बसत नाहीत. घाटावरून महिन्यातून एकदा येतात. मी नंबर लावला, पहाटेच्या एसटीने गेले, आणि काउंटरवर कळलं की डॉक्टर आज येणार नाहीत. पुढच्या खेपेला घाटात दरड कोसळली. त्यानंतर नुसतंच ‘पुढच्या महिन्यात फोन करून बघा’. दरडीला कोणाचा इलाज नाही. पण बाकीच्या वेळी आदल्या दिवशी एक फोन करता आला असता. डोकं धरून, वळणावळणाला उलट्या करत आलेल्या माणसाला बाकावरून उठवून परत पाठवतात, याचा राग मला आजही आहे. लांबच्या गावांतून येणाऱ्यांचे नंबर घेतलेले असतात, मग ते कळवण्यासाठी वापरावेत एवढंच मागणं आहे.

या मधल्या काळात आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की तारीख मिळेल तेव्हा मिळेल, तोवर रोज लिहून ठेवा. मग डाव्या पानावर रकाने आखले: तारीख, दुखणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, कोणती बाजू, दहापैकी किती, मळमळ, उजेडाचा त्रास, कोणती गोळी आणि किती, झोप, जेवणाची वेळ, पाळी. ज्या दिवशी दुखलं नाही तो दिवसही लिहायचा, नाहीतर हिशेब लागत नाही. उजवं पान मोकळं ठेवलं.

पहिला उपयोग असा झाला की ‘पित्त’ मागे पडलं. आमच्याकडे डोकं दुखून उलटी झाली की ते पित्तच. शेजारच्या काकी रोज विचारायच्या, “काय गो, परत डोक्या दुखता?” आणि कोकमाचं सरबत आणून द्यायच्या. माया खरी, पण वहीत दिसत होतं ते वेगळं. एकाच बाजूला ठणका, उजेड नकोसा, चालताना वाढणारं दुखणं. मॅडमनी समजावलं की औषध न घेता 4 ते 72 तास टिकणारं असं दुखणं हे अर्धशिशीचं लक्षण, उलटी हा त्याचाच भाग. मला सुक्या मासळीच्या वासाचा संशय होता. वहीत त्याचा काही मेळ बसला नाही. मेळ बसला तो अपुऱ्या झोपेचा आणि लांबलेल्या जेवणाचा.

दुसरा उपयोग याहून मोठा. गोळ्यांचा रकाना मॅडमनी वाचला आणि बोट ठेवून दाखवला. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं) किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मेडिकलमधून मिळणारी माझी गोळी मिश्र होती. हे मला त्याआधी कोणीही सांगितलं नव्हतं. त्यांच्या देखरेखीखाली ती कमी केली. पहिले काही दिवस फार कठीण गेले, मग दुखण्याचे दिवस कमी होत गेलेले वहीतच दिसले.

पावसाळ्यात वही कशी टिकते, हे आपल्याकडे महत्त्वाचं. जुलैत कागद सादळतो, जेल पेनची शाई पसरते आणि मागच्या पानावर उमटते. साधं बॉलपेन चाललं, पेन्सिल त्याहून बरी. पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी आली, ती कोरड्या फडक्याने पुसली, आणि पुढे वही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. बांधणी मात्र अजून एका पानाने हललेली नाही. मोबाइलचं अॅपही वापरून पाहिलं. दुखत असताना पडद्याकडे बघवत नाही आणि लाईट गेली की चार्जिंगचा घोर. वही अंधारात चाचपडतही लिहिता येते.

उजव्या पानावर सुरुवातीला एखादा शब्द यायचा. ऑगस्टपर्यंत चार-पाच ओळी व्हायला लागल्या: पडवीतल्या पागोळ्या, आईचा फोन, कलमांना आलेली पालवी. रोजनिशी परत सुरू करायची असं ठरवून काहीच केलं नव्हतं. दुखण्याची नोंद करायला बसायचे आणि लिहीत राहायचे.

पावसाळा सरल्यावर शेवटी डॉक्टर भेटले. त्यांनी डावी पानं सलग वाचली, नेमके प्रश्न विचारले आणि दुखणं टाळण्याची रोजची गोळी सुरू केली. परिणाम ठरवायला दोन महिने तरी द्या, असं बजावलं. पहिल्याच खेपेला भेट झाली असती तर ही वही भरली नसती, हे खरं. पण वहीमुळे तो उशीर माफ होत नाही. ते पावसाळ्याचे दिवस मी अंधाऱ्या खोलीत काढले आहेत.

एक गोष्ट वहीवर सोडू नका. अचानक, क्षणात शिगेला पोचणारं दुखणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, तापासोबत मान ताठणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असेल तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

घ्यायची तर शिवलेलीच घ्या, चिकटवलेली आपल्या हवेत सुटते. आणि मे महिन्यातच घ्या, जूननंतर दुकानातल्या वह्यांनाही ओल लागलेली असते.