फक्त गाठ काढायची की पूर्ण स्तन?

खानापूरच्या मावशींना स्तनाचा कॅन्सर आहे आणि डॉक्टरांनी दोन्ही पर्याय दिलेत. घरचे म्हणतात, "सगळंच काढा, मुळासकट जाईल." भीती समजते, पण सुरुवातीच्या टप्प्यात गाठ काढून रेडिएशन घेतलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यात हेच दिसलं. उरलेल्या स्तनात गाठ परतण्याची शक्यता मात्र थोडी जास्त. केमो लागणार का, हे गाठीच्या प्रकारावर ठरतं.

खरा फरक फेऱ्यांचा. रेडिएशन म्हणजे बहुधा ३ ते ६ आठवडे, सोमवार ते शुक्रवार बेळगाव. काम काही मिनिटांचं, पण भातलावणीत सोबत कोण येणार?

बेळगावात राहायची सोय असेल तर स्तन वाचवावा. ये-जा जमणारच नसेल किंवा स्तनात बऱ्याच ठिकाणी गाठी असतील, तर पूर्ण काढणं बरं. काखेत पसरलं असेल तर त्यानंतरही रेडिएशन लागू शकतं, आधीच विचारा.