लाली काचेतली नव्हती, मेन्यूतली होती

तेजोमेघांच्या फोटोंसाठी कॅमेरा मॉडिफाय करून देतो म्हणणाऱ्या एका कारागिरानं माझ्याकडून पैसे घेतले आणि कॅमेरा न उघडताच परत दिला. त्याची पद्धत इतकी सफाईदार होती की ती सविस्तर सांगायलाच हवी.

आधी काम काय असतं ते. डीएसएलआरच्या सेन्सरपुढे एक निळसर काच असते. इन्फ्रारेड अडवता अडवता ती हायड्रोजन अल्फाचा, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाशही गिळते. साधारण पाव हिस्सा कसाबसा आत जातो. रोझेट आणि बर्नार्डचं कडं हे तेजोमेघ, मृगाच्या बाणाजवळच्या अश्वमुख या काळ्या मेघामागची लाली हे सगळं त्याच प्रकाशाचं. म्हणून ती काच काढतात, किंवा तिच्या जागी हा लाल रंग सोडणारी पण इन्फ्रारेड अडवणारी दुसरी बसवतात. कॅननचा ६०डीए, निकॉनचा डी८१०ए हे कॅमेरे असेच तयार निघाले होते, पण ते आता मिळणार कुठे आणि परवडणार कुणाला? कामानंतर वॉरंटी जाते, त्यामुळे सगळा व्यवहार ओळखीपाळखीवर चालतो. प्रामाणिक कारागीर आहेत, पण त्यांच्याकडे रांग असते.

या गृहस्थांनी आयात केलेल्या काचेचे पैसे वेगळे लावले. कॅमेरा परत देताना समोरच फोटो काढून दाखवला: लालभडक. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, टीव्हीच्या रिमोटचा दिवा चमकताना दाखवला. "बघा साहेब, इन्फ्रारेड दिसतंय!"

खरं तर तिथेच त्याचं बिंग फुटायला हवं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बसवलेली काच इन्फ्रारेड अडवणारी होती. मग रिमोट दिसण्याचं कौतुक कसलं? शिवाय मॉडिफाय न केलेल्या कितीतरी कॅमेऱ्यांतही रिमोटचा दिवा अंधुक दिसतोच.

वांगणीला काढलेल्या आकाशाच्या रॉ फाइल्स (सेन्सरनं टिपलेली कच्ची नोंद) सिरिल या खगोलचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचल्या तेव्हा लाली गायब. अश्वमुख दिसत होतं, पण पूर्वीइतकंच पुसट. कॅमेऱ्याच्या मेन्यूत पाहिलं तर चित्राचा रंग एका बाजूला झुकवणाऱ्या व्हाइट बॅलन्स शिफ्टचा ठिपका अंबर आणि मॅजेंटाच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलेला. रॉ फाइलमधल्या मूळ आकड्यांना त्या ठिपक्याशी काही देणंघेणं नसतं. तो रंगवतो फक्त स्क्रीनवरचं चित्र आणि जेपेग. नंतर दुसऱ्या कारागिरानं कॅमेरा उघडला, तर मूळ निळसर काच जागच्या जागी!

पैसे देण्याआधी कॅमेऱ्याची सगळी सेटिंग्ज स्वतः रीसेट करा, व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवा आणि उन्हात पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. काम खरंच झालं असेल तर कागद लालसर येतो. पांढरा आला तर कॅमेरा उघडलेलाच नाही. काढलेली काच परत मागा. मला "ती काढताना फुटली" असं उत्तर मिळालं होतं. तुकडेही मागायला हवेत. बसवलेल्या काचेचं नाव घालून बिल घ्या. बिलच नाही म्हटल्यावर तक्रारीत दाखवायला माझ्याकडे यूपीआयची नोंद तेवढी उरली.

त्याचा फोन आता माझ्यासाठी लागत नाही, नव्या गिऱ्हाइकांसाठी मात्र लागतो. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमचाही कॅमेरा असाच रिमोट दाखवून परत आला असेल, तर आजच तो कागदाचा फोटो काढून बघा.