चन्नम्मा चौकाजवळचा बॉण्ड रायटर: दुरुस्तीपत्राचा अनुभव

बेळगावात राणी चन्नम्मा चौकाच्या परिसरात बॉण्ड रायटर (दस्त लिहून देणारे) आणि टायपिंगवाल्यांची दुकाने पुष्कळ आहेत. मी गेलो त्या दुकानाच्या पाटीवर ‘बॉण्ड रायटर, टायपिंग, झेरॉक्स’ यापलीकडे काही लिहिलेले नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या जमिनीचे खरेदीपत्र नोंदवून झाल्यावर चतुःसीमेत पूर्वेची हद्द पश्चिमेला आणि पश्चिमेची पूर्वेला पडल्याचे ध्यानात आले होते. दुसऱ्या एका ठिकाणी मला, ‘व्हाइटनर लावा आणि वर नीट लिहा, कोण बघतंय,’ असा सल्ला मिळाला होता.

येथील वयस्कर लेखकांनी दस्त हातात घेतला, पण पेन उचलले नाही. नोंदलेल्या दस्ताची प्रत सब-रजिस्ट्रार कचेरीत असते, त्यामुळे आपल्याजवळच्या कागदावर एक काना जरी बदलला तरी दोन्ही प्रती जुळणार नाहीत आणि टायपिंगची साधी चूक बनावटगिरीसारखी दिसू लागेल, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मूळ खरेदीपत्रातील सर्व पक्षकारांनी मिळून स्वतंत्र दुरुस्तीपत्र करायचे, त्यात मूळ दस्ताचा क्रमांक व तारीख देऊन चुकलेला मजकूर जसाच्या तसा लिहायचा, त्याखाली बरोबर मजकूर द्यायचा आणि तेही रीतसर नोंदवायचे, हा त्यांचा मार्ग. विकणारा अडून बसला तर मात्र 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 26 खाली दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. आमचे विकणारे भले गृहस्थ. निरोप मिळताच ते निपाणीहून आले.

दुकानाचे खरे मोल मला नंतर कळले. मसुदा कानडीत होता आणि आम्हा दोन्ही पक्षांना कानडी वाचनाची सवय नाही, म्हणून लेखक प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून तिचा मराठीत अर्थ सांगत होते. विकणाऱ्यांच्या वडिलांच्या नावापाशी ते थबकले. त्यांच्याच हातून ‘बाळाप्पा’चे ‘बालाप्पा’ झाले होते. त्यांनी 1956 पूर्वीचा, म्हणजे मुंबई राज्याच्या काळातला, आमच्याजवळचा मराठी कागद मागवून त्यातला ‘ळ’ पाहिला. नोंदणीपूर्वी हाताने दुरुस्ती चालते: चुकलेला शब्द वाचता येईल अशी एकच रेघ, वर बरोबर शब्द आणि शेजारी लिहून देणाऱ्यांच्या सह्या. अशा सह्यांवाचून खाडाखोड असलेला दस्त 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 20 नुसार अधिकारी नाकारू शकतो. तरीही ‘दुरुस्तीपत्रातच खाडाखोड नको,’ म्हणून त्यांनी ते पान बाजूला ठेवले आणि वेगळे पैसे न घेता नव्याने टाइप केले.

तक्रारी आहेतच. लेखनाचे 900 रुपये होतील हे काम संपल्यावर सांगितले आणि पावती मागितल्यावर कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. एरवी सहीशिवाय एक अक्षर न बदलणाऱ्या माणसाने त्या कागदावर स्वतःची सही मात्र केली नाही. बसायला एकच बाकडे आहे आणि सोमवारी त्यावर जागा मिळत नाही. जाताना मूळ दस्त, उतारा, ईसी (जमिनीवरील बोजांचा दाखला) आणि घरातले जुने मराठी कागद एकदमच न्यावेत, नाहीतर माझ्यासारख्या तीन खेपा होतात.