क्रीम सायफन: स्ट्रॉबेरी आणि आंबा असे दोन हंगाम वापरल्यावर

गॅसच्या दाबाने क्रीम फुलवणाऱ्या या बाटलीला सुरुवातीला चार तारे दिले होते, आज तीन केले. अर्ध्या लिटरची ॲल्युमिनियमची बाटली, तीन नोझल, ८ ग्रॅमचे चार्जर (गॅसची छोटी नळकांडी) ही माहिती वर कंपनीने दिलेलीच आहे, ती परत लिहीत नाही. गेलेला तारा बाटलीचा नाही आणि क्रीमचाही नाही. मुंडीच्या, म्हणजे लिव्हर असलेल्या झाकणाच्या आत जो पांढरा सिलिकॉनचा वायसर बसतो, त्याचा आहे.

होळीनंतरच्या एका रविवारी नणंदेकडची मंडळी जेवायला होती. थंडगार क्रीम भरलं, मुंडी घट्ट केली, चार्जर फिरवला, तर गॅस आत जायचं सोडून गळ्यातून सूं करत बाहेर. कट्ट्यावर, फरशीवर क्रीमचे शिंतोडे, चार्जर वाया. लिव्हर दाबून उरलासुरला गॅस सोडला आणि मग मुंडी उघडली. (बाटलीत दाब असताना ती उघडायची नसते, हे घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा.) वायसरला एका बाजूने केसाएवढी चीर गेलेली. पाहुण्यांना फ्रूट सॅलड नुसतंच वाढलं. त्यांना काही फरक पडला नाही, मला पडला.

कस्टमर केअर म्हणालं, "मॅडम, बॉडीवर एक वर्षाची वॉरंटी आहे, वायसर कन्झ्युमेबलमध्ये येतो." बरं, मग विकत द्या. "सुटा येत नाही, पूर्ण मुंडी घ्यावी लागेल." मुंडीची किंमत अख्ख्या सायफनच्या निम्म्याहून जास्त! जी वस्तू झिजणार हे तुम्हीच सांगताय, ती तुम्ही विकत का नाही, एवढंच मी विचारलं. त्यावर फोन होल्डवर गेला आणि बासरी सुरू झाली. नंतर ईमेलचा रतीब घातला. प्रत्येक उत्तराखाली वेगळं नाव आणि मजकूर मात्र तोच. आमच्या लग्नात आलेला कुकर आजही रोज शिजवतोय, कारण त्याची रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह इथे साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास कुठेही उभ्या उभ्या मिळतात. या सायफनवाल्यांना एवढंसं रबर पाकिटात घालून विकता येत नाही.

धाकट्या दिरांची नोकरी एमआयडीसीत. त्यांनी व्हर्नियरने माप घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, या मापाची काळी ओ-रिंग आणून देतो, पण ती तेलाच्या मशिनला लागते, खाण्याच्या वस्तूला नाही. आणि दाब किती पेलेल ते मी सांगणार नाही." विषय तिथेच मिटला. तुम्हीही असला जुगाड करू नका.

आता वायसर बाजूला ठेवून बोलायचं तर वस्तू फर्मास आहे. बीटरने क्रीम फेटलं की साधारण दुप्पट होतं, यातून जवळजवळ चौपट निघतं. चार्जरमधला नायट्रस ऑक्साइड दाबाखाली क्रीमच्या स्निग्धांशात विरघळतो आणि लिव्हर दाबला की तिथल्या तिथे फुलतो. दोन छोट्या पाकिटांत अख्खी पंगत निघते. माझ्यासारखीला, जी दुधाची पिशवी उलटी करून निथळायला ठेवते, याहून जास्त काय हवं? सोडा मशिनचे कार्बन डायऑक्साइडचे चार्जर दिसायला असेच असतात, ते घालू नका. क्रीमला आंबट चुरचुरीत चव येते.

पण फेस हलका असतो. वाढल्यावर अर्ध्या तासात बसायला लागतो आणि खाली पाणी सुटतं. केकवर गुलाब काढायचे असतील तर बीटरच घ्या. हा सायफन ताटात वाटी ठेवून वरून सोडण्यासाठी आहे: शिरखुर्म्यावर, जेलीवर, कोल्ड कॉफीवर, गाजर हलव्यावर. गाजर हलवा मात्र कोमट करून घ्या, गरम असेल तर क्रीमचं दूध होतं.

क्रीमचं गणित असं. २५ टक्के फॅटचं जे फ्रेश क्रीम किराणा दुकानात मिळतं, त्याचा फेस येतो आणि लगेच बसतो. निदान ३० टक्क्यांचं, व्हिपिंग क्रीम असं लिहिलेलं घ्या. बेकरीवाले वापरतात ते फ्रोझन नॉन-डेअरीही चालतं, पण ते वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड असतं. वरून साखर घातलीत तर तोंड मिटतं. म्हशीच्या दुधाची घरची साय घालायचा मोह आमच्या आईंना (सासूबाईंना) झाला होता. साईचे कण नोझलमध्ये अडकतात, आणि बाटली जोरात हलवली की आतच लोणी. मग नोझल सुईने कोरत बसा. बाटली तरी पाच-सहा वेळाच हलवायची, पाळण्यासारखी झुलवायची नाही. क्रीम आणि बाटली दोन्ही फ्रिजमध्ये रात्रभर हवीत. एप्रिलमध्ये साताऱ्यात ओट्यावर दहा मिनिटं राहिलेलं क्रीमही नीट फुलत नाही.

फ्लेवरचं म्हणाल, तर मी हे घेतलंच त्यासाठी. पाचगणीला स्ट्रॉबेरी विथ क्रीमच्या एका ग्लासला जे मोजायला लागतं, ते ऐकून आमच्या ह्यांनी पुढच्या वेळी डबा बरोबर न्यायचं ठरवलं होतं. २०१० साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या स्ट्रॉबेरीच्या जिल्ह्यात राहून बाटलीतलं लाल सिरप घालायचं हे मला पटत नाही. हंगाम सरता सरता मऊ, वेडीवाकडी फळं स्वस्त येतात, तीच घ्या. साखर घालून आटवा, गार करा, आणि बारीक गाळणीतून दोनदा गाळा. बी एक जरी राहिली तरी नोझल तुंबतं. पल्प क्रीमच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घालू नका. रंग फिकट गुलाबी येतो, दुकानातल्यासारखा भडक नाही. आमच्या पुतणीने "हे स्ट्रॉबेरीचं नाहीच" असं सांगून टाकलं आणि दोन वाट्या खाल्ल्या.

हापूस चांगला उतरतो, कारण त्याला धागा कमी. पायरीचा रस काढला आणि धाग्यांनी नोझल बांधून टाकलं. वेलची पूड घालायची नाही, ती तळाशी बसते. वेलची ठेचून कोमट क्रीममध्ये भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची. केशराचंही तसंच. गुलकंद गाळून बघितला. वास छान, रंग मातकट.

सगळ्यात जास्त वेळ मी कंदी पेढ्यावर घालवला. सातारकर दुसरं काय करणार? गरम क्रीममध्ये पेढे कुस्करले की वास असा सुटतो की आधी चमचाभर तसंच खावंसं वाटतं. अडचण रवाळपणाची. खवा भाजलेला असल्याने तो पूर्ण विरघळत नाही, बारीक कण राहतातच. मिक्सरमधून काढलं, चाळणीतून गाळलं, तरी नोझल थुंकतंय. शेवटी मलमलच्या कापडातून पिळून घेतलं. निम्मा पेढा फडक्यातच राहिला, तो आईंनी पोळीत लाटला. गाळलेल्या क्रीमला भाजलेल्या खव्याची चव पूर्ण उतरली होती. साखर वरून अजिबात नाही. हे क्रीम नुसत्या बासुंदीवर सोडलं, आणि मोठे दीर, जे कधी कशाला बरं म्हणत नाहीत, "उद्या आहे का?" म्हणाले. उद्या असतं. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस बिनधास्त राहते, हवं तेवढं काढायचं. रवी आणि बीटरला हे जमत नाही.

इथपर्यंत लिहून मसुदा ठेवला होता आणि तारे दोन करणार होते. तेवढ्यात वायसर मिळाला. कंपनीकडून नाही. दुसऱ्याच कुणा विक्रेत्याकडे याच मापाचे, फूड ग्रेड सिलिकॉनचे वायसर पाकिटाने मिळतात. दिरांनी लिहून दिलेलं माप बघून मागवले. पहिला बसवला, आधी नुसतं पाणी भरून चार्जर सोडला, कुठे सूं नाही. म्हणून तीन तारे. दोनवरून तीन झाले ते त्या दुसऱ्या विक्रेत्यामुळे, हे कंपनीने वाचावं.

खर्चाचं बोलायचं राहिलं. चार्जर एकदाच चालतो. पाव लिटर क्रीम असो की अर्धा लिटर, चार्जर एक अख्खा जातो, म्हणून मी अर्धी बाटली कधी भरत नाही. घरात तिघंच असाल, पाहुणे सणासुदीलाच येत असतील, तर हँड मिक्सर घ्या, त्याला वरखर्च नाही. रिकामी नळकांडी स्टीलची असतात, भंगारवाला घेतो, फक्त टोकाला भोक पडलंय हे त्याला दाखवावं लागतं, नाहीतर तो लांब सरकतो. भरलेले चार्जर कुलपात ठेवा. यातला वायू म्हणजेच लाफिंग गॅस, आणि कॉलेजच्या पोरांना त्याची माहिती आपल्याआधी असते. हुंगणं जिवावर बेतू शकतं.

घेणार असाल तर पार्सल उघडल्या दिवशीच मुंडी खोला, वायसर बाहेर काढा, व्यास आणि जाडी मोजून बिलाच्या मागे लिहून ठेवा, आणि जादाचं पाकीट त्याच दिवशी मागवा. धुताना वायसर नखाने उचकटू नका, चमच्याची दांडीही लावू नका, बोटाने सरकवून काढा. कंपनीचं शेवटचं ईमेल परवा आलं: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे, कृपया पाच तारे द्या.